कागदाच्या घराला नळ नसतो

एस्टेट एजंट पोरगेला होता. त्यानं दार उघडलं, सॅनिटायझरची बाटली पुढे केली आणि मास्कमधूनच बजावलं, "कशालाही हात लावू नका, पंधरा मिनिटं आहेत तुमच्याकडे." एका वेळी दोघांनाच आत सोडत होते, म्हणून नवरा बाहेर गाडीत बसला होता आणि आत मी आणि काका. मी लगेच छताकडे, खिडक्यांच्या कडांकडे, ओलीच्या डागांकडे बघायला लागले. काकांनी कोटाच्या खिशात हात घातला, स्टीलचं फुलपात्र काढलं आणि अत्यंत अदबीनं विचारलं, "मे आय हॅव सम वॉटर, प्लीज?"

"शुअर, ग्रँड," तो म्हणाला खरा, पण त्याच्या भुवया मास्कच्या वर पार कपाळात गेल्या. काकांनी कोपरानं स्वयंपाकघरातला नळ सोडला, फुलपात्र भरलं, मागच्या दारात जाऊन मास्क खाली केला आणि वरून, ओठ न लावता, सावकाश पाणी प्यायले. मग रुमालानं फुलपात्र पुसून पुन्हा खिशात. उरलेली सगळी मिनिटं ते त्या दारातच उभे राहून बागेत बघत होते. घर बघायला आणलेला जाणकार माणूस घराकडे पाठ करून उभा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काय ठरलं मग काका?"

"चांगले लोक आहेत."

"कोण?"

"ज्यांचं घर आहे ते. बागेत बाई बसली होती ना, तिला दारातूनच विचारलं. आईचं दुखणं आहे, गावी परत जाऊन राहिली. मागितलेत तेवढे देऊन टाका तिला, बाप्पा. गरजेत आहे ती."

माझ्या बाजूनं बोलायला आणलेला माणूस पंधरा मिनिटांत समोरच्या पार्टीत गेला होता.

आधी हे काका कोण ते सांगते. आयर्लंडमधल्या ल्यूकन या उपनगरातल्या आमच्या वसाहतीत दोन-दोन घरं एकाच भिंतीला पाठ टेकून उभी आहेत. आम्ही भिंतीच्या अलीकडे भाड्यानं, काका-काकू पलीकडे, तेही भाड्यानं. मूळचे नागपूरचे. वीसेक वर्षांपूर्वी इथे आले, आणि आमची ओळख झाली तेव्हा काका बॉल्सब्रिजमधल्या एका कंपनीत कंत्राटावर डेटाबेस सांभाळत होते. लॉकडाऊन लागल्यापासून ते काम त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं होतं, आणि भिंत पातळ असल्यामुळे त्यांच्या सगळ्या मीटिंगा मला पाठ झाल्या होत्या. मी पुण्याची, सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. नवरा म्हणतो, हे काम हिनं फुकटसुद्धा केलं असतं.

इथल्या मराठी लोकांत कुणीही घराचं नाव काढलं की पहिला सल्ला ठरलेला: "आधी काकांना विचार." काकांना सगळं माहीत. कुठल्या बागेत ऊन येतं, कुठल्या बांधकामाच्या भिंती पुढे तडकतात, कुठल्या वसाहतीत गाड्या लावण्यावरून भांडणं होतात. घरात शिरल्यावर हॉट प्रेस उघडून बघायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, इथले लोक त्यात टॉवेल ऊबदार ठेवतात. त्यात कोंदट वास आला तर घरात ओल आहे असं समजायचं. शनिवारी घरं बघायला जाणं हा त्यांचा छंदच होता, आपले लोक शनिवारी मारुतीला जातात तसा. एजंटांमध्ये ते "युअर मॅन विथ द कप" म्हणून प्रसिद्ध होते, म्हणजे तो आपला पेलेवाला बाबा.

आणि या माणसाच्या नावावर आयर्लंडमध्येच काय, नागपुरातही एक खोली नव्हती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

हे मला सांगितलं काकूंनी. काकू एका पाळणाघरात कामाला होत्या. ठेंगण्या, गोल, आणि बोलायला लागल्या की समोरच्याची कानशिलं गरम होतील अशा. त्यांच्याकडे एक गुलाब होता, कुंडीत. ती कुंडी चाकं लावलेल्या पाटावर. मी एकदा म्हटलं, "काकू, जमिनीत लावा ना, फोफावेल."

"जमिनीत लावला की तो मालकाचा झाला," त्या म्हणाल्या. "मी भाड्याच्या घराला खिळासुद्धा मारत नाही. माझं घर होईल तिथे लावीन."

खरंच मारत नव्हत्या. त्यांच्या भिंतीवर एक फोटो नव्हता, देवही कपाटात. आदल्या हिवाळ्यात त्यांच्या बागेतला नळ गारठून फुटला, कारण थंडीच्या आधी त्याला काहीतरी गुंडाळायचं असतं ते त्यांनी गुंडाळलं नाही. काका उठले होते गुंडाळायला, तर काकूंनी हाताला धरून बसवलं. "मालकाचा नळ आहे, मालक बघेल." त्यांची लग्नाची तिशी जवळ आली होती, आणि स्वतःच्या घराची किल्ली अजून त्यांच्या हाताला लागली नव्हती. हे वाक्य त्या इतक्या वेळा म्हणायच्या की मी ऐकताना मान हलवायचंसुद्धा बंद केलं होतं.

आता फुलपात्राचं. मला चुका काढायची सवय, म्हणून मी आधी समजले की ते पाणी तपासतात. इथे फक्त स्वयंपाकघराच्या नळाला थेट पाणी असतं, बाकीचं माळ्यावरच्या टाकीतून येतं. म्हटलं पाइप जुने आहेत का ते चवीवरून ओळखत असतील. विचारलं, तर म्हणाले, "छे, पाइपातलं मला काय कळते?" दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, नागपुरात उन्हाळ्यात दारी आलेल्याला आधी पाणी देतात, नाव मग विचारतात. तिसऱ्यांदा सांगितलं की ज्या घरचं पाणी प्यायलो नाही, त्या घराचा सौदा करायचा नाही, हा आपला नियम. का नियम? "नियमाला का नसते पोरी." शेवटी काकूंना विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "काही नाही गं, त्यांना तहान लागते."

पण या तहानेनं काकूंचं काय केलं होतं, ते मला हळूहळू कळलं. पाण्याशिवाय सौदा नाही. आणि पाणी प्यायलं की काकांना सौदा करता येत नाही! ज्याच्या घरचं पाणी पोटात गेलं, त्याच्याशी घासाघीस कशी करायची? इथे घर विकायला निघालं की बोल्या लागतात, एकावर एक. काका बोली लावायचे, आणि समोर कुणी नवं जोडपं आहे, बाईला दिवस गेलेत असं एजंटच्या तोंडून निसटलं की माघार. "घेऊ दे त्यांना. बाळ येऊन राहिलं." मग मंदी आली. लोकांची घरं बँकांनी ओढली, निम्म्या भावात विकायला काढली. काकू म्हणाल्या, आता तरी घ्या. काका बघायला गेले, फुलपात्र घेऊन. पण ओढून घेतलेल्या रिकाम्या घरांचं पाणी तोडलेलं असतं. नळ सोडला की नुसता फुसफुस आवाज. पाणी नाही, म्हणजे सौदा नाही.

"तेजीत पाणी आडवं आलं आणि मंदीत नसलेलं पाणी आडवं आलं," काकू म्हणाल्या. "सांग आता, कुठल्या दगडावर डोकं आपटू?"

आता काका पन्नाशीच्या पार पलीकडे गेलेले, त्यात नोकरी कंत्राटी. या वयात बँक कर्जाचं नावही काढू देत नाही. घर घ्यायचं तर बहुतेक सगळे पैसे रोख हवेत. साठवलेले होते, पण ल्यूकनमध्ये त्यात फार तर एखादं गॅरेज आलं असतं. म्हणून काकूंनी नजर तासाभराच्या अंतरावरच्या मलिंगारकडे वळवली होती. तिकडे गावाबाहेर छोटी बैठी घरं त्यातल्या त्यात स्वस्त मिळतात. आमच्यावर पाच किलोमीटरच्या बाहेर जायची बंदी, त्यामुळे काकू फोनमध्येच मलिंगारची घरं बघायच्या. एक विकलं गेलं की उसासा टाकून दुसरं पसंत करायच्या. प्रत्येक घरात गुलाब कुठे लावायचा ते त्यांचं ठरलेलं असायचं.

तेव्हाच काकांना कागदाचा शोध लागला.

लॉकडाऊनमध्ये कुणी केळ्याचा केक शिकलं, कुणी गिटार. काकांनी कुणा अमेरिकन माणसाचा ऑनलाइन क्लास लावला. एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते, तर कुंपणापलीकडून हाक आली. "पोरी, घर न घेता घराचं उत्पन्न घेता येते, ऐकलं का?"

"काका, मला दहाला मीटिंग आहे."

"तेवढं पुरे." त्यांनी त्यांच्या दोरीवरचा एक चिमटा काढून कुंपणावर ठेवला. "हे घर. यात एक बाई राहते. बँकेनं तिला पैसे दिले, तिनं बँकेला कागद लिहून दिला, की इतकी वर्षं इतका हप्ता देईन, नाही दिला तर घर तुमचं." मग काकूंचा वाळत घातलेला मोजा ओढला. "हा कागद. आता गंमत बघ. बँक हा मोजा विकू शकते. मी घेतला, तर बाई हप्ता कुणाला देईल? मला! चिमटा जागचा हलला का? नाही. छत गळलं, बॉयलर बिघडला, ते तिचं ती बघेल. आपण फक्त मोजा सांभाळायचा."

"म्हणजे सावकारी."

ते दुखावले. "सावकार कर्ज देतो. मी दिलेलं नाही, मी फक्त विकत घेऊन राहिलो."

"आणि तिनं हप्ता दिला नाही तर?"

"म्हणून तर तो मोजा अर्ध्या भावात मिळते!" काकांचे डोळे चमकले. ज्यांचे हप्ते थकलेत असे कागद बँकांना नको असतात. घेणाऱ्यासमोर मग तीन वाटा. बाईला हप्ता बदलून दिला आणि ती पुन्हा भरायला लागली, तर बरं. तिनं स्वतः घर विकून पैसे चुकते केले, तर आणखी बरं. आणि काहीच झालं नाही तर कोर्टातून घर ताब्यात घ्यायचं आणि विकायचं; नफा त्यातच सगळ्यात जास्त. आयर्लंडमध्ये असले कागद मोठमोठे फंड गठ्ठ्यानं उचलतात, वर परवान्यांची भानगड. अमेरिकेत मात्र भाजी घ्यावी तसा एकेक सुटा मिळतो.

"पण तुमच्या पाण्याचं काय?" मी विचारलं.

काका माझ्याकडे बघून इतके गोड हसले की मला आजही तो चेहरा आठवतो. "तेच तर! विकत घ्यायच्या आधी त्या घरी जायचं नाही, राहणाऱ्याशी बोलायचं नाही, असा त्या धंद्याचा नियमच आहे. नंतरही वसुलीची कंपनी बोलते, आपण नाही. कागदाच्या घराला नळ नसतो, पोरी. वीस वर्षांत हा पहिला सौदा असा आहे की जो मला जमेल."

स्वतःचा दोष इतका स्वच्छ ओळखून त्याच्या कडेकडेनं वाट काढणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

काकूंचा विश्वास नव्हता. त्यांनी मला कुंपणाशी बोलावून कानात सांगितलं, "तू चुका काढतेस ना? यात काढ. ते माझं मलिंगार आहे." मी काढायला बसले. घर जळालं तर? विमा आहे. कर थकलेले असले तर? तपासलेत. त्याच घरावर दुसऱ्या कुणाचा आधीचा हक्क असला तर? वकील बघून देतो. घर अस्तित्वातच नसलं तर? "फोटो आला आहे," काका म्हणाले. तिथल्या कुणीतरी रस्त्यावरून काढलेला. ओहायोमधलं छोटं गाव, पांढरं लाकडी घर, पुढे पायऱ्या, पानगळीनं भरलेलं अंगण. मी सगळं उलटंसुलटं करून पाहिलं आणि काकूंना सांगितलं, योजनेत मला चूक सापडत नाही. काकांच्या स्वभावाबद्दल त्यांनी मला विचारलं नव्हतं.

त्या शरद ऋतूत त्यांनी तो कागद घेतला. काकूंच्या पाळणाघराच्या पगारातली बचत, काकांची बचत, सगळं त्यात. काकांनी आमच्या दारात पेढे आणून ठेवले, बेल वाजवली आणि लांब जाऊन उभे राहिले, तेव्हाच्या रीतीप्रमाणे. "काका, कागदाचे पेढे?" मी विचारलं. "पहिलाच आहे ना," ते म्हणाले.

पुढचे काही महिने काका अगदी धंदेवाईक होऊन राहिले. फुलपात्र स्वयंपाकघरात गेलं. ओहायोची वसुली कंपनी त्या घरी पत्रं पाठवत होती, उत्तर नव्हतं. काका कुंपणापाशी मला "केस" कुठवर आली ते सांगायचे, आणि राहणाऱ्याचा उल्लेख नेहमी "कर्जदार" असा. त्यांच्या तोंडात तो शब्द उसना वाटायचा, लग्नापुरता भाड्यानं आणलेल्या कोटासारखा. इकडे घरांचे भाव चढत होते आणि तिकडेही. वसुली कंपनीनं कळवलं, आता घर ताब्यात घेऊन विकलं तर पैसे दुप्पट होतील. काकूंनी मलिंगारचं एक घर मनात पक्कं केलं. पिवळं दार, मागे सफरचंदाचं झाड. त्या दिवशी त्यांनी कुंडीतल्या गुलाबाला पहिल्यांदा खत घातलेलं मी पाहिलं.

जानेवारीत पत्राला उत्तर आलं. कर्जदारानं, म्हणजे एका बाईनं, लिहिलं होतं, थकलेलं सगळं एकदम देता येणार नाही, पण पुन्हा काम मिळालंय, आतापासून थोडा कमी हप्ता चालेल का? वसुली कंपनीनं काकांना विचारलं, कमी हप्ता घ्यायचा की घर ताब्यात घ्यायचं ते कळवा. आणि घराची सध्याची स्थिती म्हणून नवे फोटो पाठवले.

मी बागेत कॉफी पीत उभी होते. गवतावर दहिवर गोठलेलं, तोंडातून वाफा. काका टॅब्लेट छातीशी धरून बाहेर आले. चेहरा पडलेला.

"पोरी, तू जरा बघ. तुला बारीक दिसते."

फोटोत तेच पांढरं घर, पण या वेळी बाजूनं काढलेलं, बर्फात. मी म्हटलं, "चांगलं दिसतंय की. छत नीट आहे."

"कोपऱ्यात बघ. मोठं कर."

मोठं केलं. भिंतीच्या खालच्या बाजूला काहीतरी लाल होतं. आणखी मोठं केलं. बागेतला नळ. त्याला लाल कापड गुंडाळलेलं आणि वरून सुतळीनं नीट बांधून छान फुलासारखी गाठ मारलेली.

मला हसू आलं आणि लगेच विरलं. कागदाच्या घराला नळ होता.

"ज्याला जायचं असतं तो नळ बांधत नाही," काका हळूच म्हणाले. तेवढ्यात काकू बादली घेऊन बाहेर आल्या. "काय पाहून राहिले दोघं?" काकांनी टॅब्लेट लपवायचा प्रयत्न केला, पण लपवाछपवी त्यांना कधी जमायची नाही. काकूंनी तो ओढून घेतला, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"कापड नाही हे," त्या म्हणाल्या. "स्वेटरची बाही आहे. लहान पोराच्या. हातानं विणलेली." पाळणाघरात अशा शेकडो बाह्या त्यांनी वर सारल्या असतील.

मग त्या काकांवर फिरल्या. "मला कशाला दाखवलंत? सांगा ना, कशाला दाखवलंत? वीस वर्षं लोकांच्या नळाचं पाणी पिऊन माझं घर बुडवलंत, आता फोटोतल्या नळाचंही प्यायलात!"

"मी काही म्हटलं का?" काका म्हणाले. "तू म्हणशील ते करू. घर ताब्यात घे म्हणालीस तर आजच कळवतो. देवाशपथ कळवतो. या वेळी तुझंच ऐकणार आहे मी."

"हो, म्हणजे पाप माझ्या माथी!" काकूंनी बादली तिथेच आपटली आणि आत गेल्या. मागचं दार असं लावलं की आमच्याकडच्या खिडक्या थरथरल्या. मला काकांची कीव आली आणि काकूंची त्याहून जास्त. तो माणूस खरंच कळवणार होता. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी निर्णय काकूंच्या हातात ठेवला होता, आणि तो नेमका हा.

त्यानंतर भिंतीपलीकडून बोलण्याचा आवाज बंद झाला. नुसती भांडी. काकू पोळ्या लाटतायत की लाटणं ओट्यावर आपटतायत, ते कळायचं नाही. मी दोनदा विचार केला, जाऊन सांगावं की काकू, व्यवहार हा व्यवहार असतो, त्या बाईनं कर्ज घेतलं होतं, तुमच्या पैशावर तुमचा हक्क आहे. हे सगळं खरंच होतं, आणि यातला एक शब्दही मला त्यांच्यासमोर बोलवला नसता.

एका सकाळी त्यांनीच मला कुंपणाशी हाक मारली. डोळे सुजलेले, पण पदर खोचलेला. "ह्यांचं इंग्रजी फार मऊ आहे," त्या म्हणाल्या. "तू खडूस लिही. लिही की कमी हप्ता चालेल, पण दर महिन्याला वेळेवर पाहिजे. एकदा चुकला तर गाठ माझ्याशी आहे."

"नक्की काकू?"

"रात्रभर मी मलिंगारच्या त्या स्वयंपाकघरात उभी राहते मनातल्या मनात. नळ सोडते. आणि तो लाल दिसतो मला. असल्या नळाचं पाणी माझ्या घशाखाली उतरणार आहे का?" त्यांनी नाक पुसलं. "तीस वर्षं राहिले या माणसाबरोबर. लागला रोग. लिही तू."

मी लिहिलं. माझ्या सगळ्या नोकरीत लिहिलं नसेल इतकं खडूस. वाचून दाखवल्यावर काकू म्हणाल्या, "शेवटी एक ओळ टाक. म्हणावं, नळ चांगला बांधलाय."

वसुली कंपनीतल्या बाईंनी ती ओळ वाचून काय समजूत करून घेतली, कोण जाणे. त्यांचं उत्तर आलं: निरोप पोचवला आहे. पलीकडून काही आलं नाही. हप्ता मात्र आला. पुढच्या महिन्यातही आला. तो काकांच्या भाड्यात जायला लागला, निम्मंअधिक भाडं त्यात निघायचं. "ती तिकडे राहते म्हणून आम्ही इकडे राहून राहिलो," काकू म्हणायच्या. मलिंगारचं पिवळं दार दुसऱ्या कुणीतरी घेतलं. त्या दिवसानंतर काकूंनी फोनमध्ये घरं बघितलेली मला तरी दिसली नाहीत.

काकांना मात्र पुन्हा शनिवार आले. निर्बंध सैल झाले तसं फुलपात्र कोटात परतलं. मी त्यांना एकदा चिडवलं, "काका, दुसरा कागद घेणार का?" तर म्हणाले, "घेतला असता. पण आता मला माहीत आहे ना, नळ असते."

त्या वर्षाच्या शेवटाकडे आम्हाला घर मिळालं, ल्यूकनमध्येच, दोन वळणं सोडून. काकांच्या सल्ल्याच्या बरोबर उलट वागून, कडक बोली लावून घेतलं. किल्ल्या मिळाल्या त्या दुपारी पहिले पाहुणे म्हणून त्या दोघांनाच बोलावलं. घरात एक खुर्ची नव्हती. काका आले ते थेट स्वयंपाकघरात. फुलपात्र पुढे केलं. मी नळ सोडला, भरून दिलं. ते वरून सावकाश प्यायले आणि म्हणाले, "चांगले लोक आहेत." मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी म्हटलं, "काका, पाइप बदलायला झालेत."

काकू सगळ्या खोल्यांतून फिरून आल्या. हॉट प्रेस उघडून वास घेतला, मागची बाग बघितली. मग माझ्यासमोर येऊन हात पुढे केला. "किल्ली दे गं जरा."

मी दिली. त्या पुढच्या दारापाशी गेल्या, बाहेर उभ्या राहिल्या, दार ओढून घेतलं. आतून मला किल्ली फिरल्याचा आवाज आला. कुलूप लागलं. काका फुलपात्र पुसत होते, ते पुसतच राहिले, माझ्याकडे बघेनात. मग किल्ली पुन्हा फिरली आणि दार उघडलं. काकूंनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ स्वतःच्या हातानं मिटली.

"छान लागतं कुलूप," त्या म्हणाल्या. आणि काकांकडे वळून, "चला आता. थंडी पडून राहिली. माझा जुना स्वेटर काढून ठेवलाय, आपला नळ बांधायचा आहे."